बाईंच्या सोडियमला तेल हवं

बाई गेली सव्वीस वर्षं नववीच्या वर्गाला एक वाक्य लिहून देत आल्या होत्या. 'सोडियम अतिक्रियाशील धातू असल्यामुळे तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात.' हे वाक्य न येणारा मुलगा बाईंच्या तावडीतून सुटत नसे. म्हणूनच सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आधीच्या सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेतलं कोपऱ्यातलं कपाट उघडून सोडियमची बरणी उजेडात धरली, तेव्हा भीतीच्या आधी त्यांना लाज वाटली.

बरणीच्या झाकणाला तडा गेला होता आणि सुट्टीभरात रॉकेल उडून तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं. एरवी तेलात म्हशीसारखे निवांत डुंबणारे सोडियमचे सात-आठ खडे डबक्यातल्या बेडकांसारखे डोकी वर काढून बसले होते. अंगावर पांढरट पापुद्राही धरला होता.

आता सोडियम काही वाईट नाही. दिसायला गरीब, सुरीने लोण्यासारखं कापलं जाणारं. प्रत्येक घराण्यात एखादा मेहुणा असतो बघा, एक विशिष्ट विषय काढला नाही तर देवमाणूस, आणि काढला की ताटं उडवणारा. सोडियमचा तो विषय म्हणजे पाणी. थेंबभर पाणी दिसलं की ते फुसफुसतं, पळतं, पेट घेतं, आणि खडा मोठा असेल तर काचा शेजारच्या वर्गात जातात. दमट हवासुद्धा त्याला टोमण्यासारखी लागते. तेव्हा त्याला तेलात बुडवायचं आणि विषय काढायचा नाही, एवढंच शहाणपण.

बाईंनी बरणी जपून परत ठेवली, मागे सरकल्या, आणि त्यांचा पाय कशाला तरी लागला. कपाटाला खेटून दोन लाल बादल्या काठोकाठ पाण्याने भरून ठेवल्या होत्या. त्यांच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आग लागल्यास'.

"मामा!" बाई ओरडल्या.

मामा म्हणजे शाळेचे शिपाई. शाळेतल्या सगळ्यांचेच मामा. ते आले, बादल्यांकडे बघून अभिमानाने म्हणाले, "शुक्रवारी तपासणी आहे ना बाई. म्हटलं, सगळ्यात डेंजर कपाट हे, तर पाणी इथंच जवळ असावं."

"अहो मामा, या कपाटात आग लागली तर पाणी नाही टाकायचं! पाणी टाकलं तर आग वाढेल."

मामांनी बाईंकडे करुणेने पाहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अनेक शिक्षकांना ताणाखाली येताना पाहिलं होतं.

"बरं, मग काय टाकायचं?"

"कोरडी वाळू. आपली वाळूची बादली कुठेय?"

वाळूची बादली व्हरांड्यात होती. तिच्यात मामांनी कोरफड लावली होती. कोरफड चांगली फोफावली होती, कारण मामा तिला रोज न चुकता पाणी घालत.

बाई हेडसरांकडे गेल्या. हेडसर मूळचे व्याकरणाचे शिक्षक, 'प्रयोग' म्हटलं तर कर्तरी की कर्मणी एवढंच विचारणारे. सज्जन माणूस, पण निवृत्तीला एक वर्ष उरल्यामुळे वाऱ्याने दार वाजलं तरी दचकायचे. बाईंनी शक्य तितक्या सौम्य शब्दांत बरणीची स्थिती सांगितली. सौम्य शब्दांचा एक तोटा असतो. ऐकणारा त्यातून स्वतःच्या कल्पनेने अर्थ काढतो.

"म्हणजे बॉम्ब?" हेडसर उभे राहिले.

"नाही सर, बॉम्ब नाही. त्यात फक्त तेल भरायचंय."

"मॅडम, शुक्रवारी अधिकारी येणार. त्यांनी ते कपाट उघडलं आणि काही… काही क्रियापद घडलं, तर?" हेडसर घाबरले की व्याकरणात शिरत. "मी तर म्हणतो, प्रयोगशाळाच बंद करू. तिथे मोठा पडदा लावू. हल्ली सगळे प्रयोग पडद्यावर मिळतात. मुलांना दिसल्याशी कारण."

ती खोली बाईंनी जमवली होती. परीक्षानळ्यांचे स्टँड, काटा न लटपटणारा एकमेव तराजू, आठ बर्नर, त्यातले पाच पेटणारे. पडदा लागला की ती खोली म्हणजे अंधार आणि पंख्याचा आवाज.

"गुरुवारपर्यंत वेळ द्या सर. गुरुवारी संध्याकाळी बरणी नीट नसेल तर पडदा लावा."

"गुरुवार," हेडसर म्हणाले, आणि खिडकी उघडून ठेवली. स्फोट झालाच तर आवाज बाहेर जायला वाट असावी म्हणून.

मंगळवारी बाई रॉकेल शोधायला निघाल्या. बाईंच्या लहानपणी रॉकेल ही घरातली सगळ्यात मुबलक गोष्ट होती, त्याचा वास शेजाऱ्यांसारखा न बोलावता घरात यायचा. आता तीन दुकानदारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्या मॅमथचं दूध मागतायत. चौथ्याने पुरवठा कार्यालयाचा पत्ता दिला.

पुरवठा कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी विणकामावरून नजर न काढता फॉर्म सरकवला. फॉर्मात पहिला प्रश्न होता, 'कुटुंबातील व्यक्तींची संख्या'.

"हे शाळेसाठी आहे," बाई म्हणाल्या.

"मग शाळेतल्या व्यक्तींची संख्या लिहा."

"अकराशे चाळीस."

खिडकीतल्या बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "एवढ्यांचा स्वयंपाक स्टोव्हवर?"

"स्वयंपाक नाही हो. एक धातू आहे, तो साठवायचाय."

"साठवणूक? रॉकेल साठवायला वेगळा परवाना लागतो. पहिला मजला."

"मला रॉकेल साठवायचं नाहीये. मला रॉकेलात साठवायचंय."

"म्हणजे रॉकेल साठणारच ना शेवटी?"

बाई पहिल्या मजल्यावर गेल्या. पहिल्या मजल्यावरच्या साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'वा' म्हटलं, आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र आणायला सांगितलं. अग्निशमन दलाच्या गृहस्थांनी विचारलं, की तुमच्याकडे पाण्याच्या बादल्या आहेत का. बाईंनी खरं ते सांगितलं, की होत्या, पण मी त्या हलवायला लावल्या. तिथेच ते पत्र बारगळलं.

घरी आल्यावर बाईंनी पर्स आपटली आणि हे सगळं नवऱ्याला सांगितलं. ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक. बाईंचे यजमान पोस्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या त्यांनी बंद पाकिटातून हाताळल्या होत्या. निवृत्तीनंतर ती कसर ते उघड्यावर भरून काढत. दूध आणायला ते खाली गेले आणि अर्ध्या तासाने सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

"वहिनी, तुमच्याकडे सोडियम आहे म्हणे डबाभर?"

"माझ्याकडे नाही, शाळेत आहे."

"मला डॉक्टरांनी सोडियम पूर्ण बंद केलंय," सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले. "ब्लडप्रेशर. आणि तुम्ही त्याच्या शोधात फिरताय! मीठच ना शेवटी? तांदळात ठेवा. आमच्याकडे मीठ ओलं झालं की आम्ही चार दाणे तांदूळ टाकतो."

बाईंनी सोडियम आणि मीठ यातला फरक सांगितला. सव्वीस वर्षांच्या अनुभवामुळे तो त्यांना चार मिनिटांत सांगता येई. सेक्रेटरी मान डोलावत राहिले.

"समजलं," ते म्हणाले. "मग तांदूळ जरा जास्त टाका."

रात्रीच्या जेवणाआधी समोरच्या काकूंनी बरणी फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला दिला, वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरने ती बादलीत बुडवून ठेवायचा. बाई पोळी लाटता लाटता लाटणं तसंच धरून थांबल्या. तेल. रॉकेलच कशाला हवं? कॉलेजात त्यांचे सर द्रव पॅराफिन वापरायचे. ते साधं खनिज तेल. पाण्याचा अंश नाही, रंग नाही, वास नाही, आणि रॉकेलसारखं उडूनही जात नाही. आणि ते कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतं, कारण… बाईंना कारणही आठवलं, पण त्या क्षणी त्यांनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

"अहो, उद्या सकाळी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणाल? एक लिटर लागेल. लिहून देऊ का?"

"मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली आहेत," यजमान म्हणाले. "मला लिहून लागत नाही."

बुधवारी सकाळी ते दहा बाटल्या घेऊन विजयी मुद्रेने आले. बाईंनी एक बाटली उघडली. आतलं पांढरंशुभ्र होतं, दुधासारखं दाट, आणि त्याला पुदिन्याचा वास होता.

"हे काय आणलंत?"

"पॅराफिनच! बघ, लिहिलंय. दुकानदार म्हणाला, नुसतं घशाखाली जात नाही, हे चविष्ट आहे."

"अहो, यात पाणी घुसळलेलं आहे! हे मी बरणीत ओतलं असतं तर…"

यजमानांनी हळूच बाटली टेबलावर ठेवली आणि तिच्यापासून दोन पावलं लांब झाले. छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पार्सल फुटलं नव्हतं. ते दिवसभर फार गप्प होते, आणि बाईंना उगाच वाईट वाटत राहिलं. चूक त्यांचीही होती. प्रेमाने आणलेल्या वस्तूवर आधी ओरडायचं नसतं, निदान धातू दूर असताना तरी.

शेवटी बाई स्वतः गेल्या. दुकानात तिघं-चौघं उभे होते. त्यात समोरच्या काकू होत्या, आणि शाळेतले दोन पालकही होते.

"साधं लिक्विड पॅराफिन द्या. ते पांढरं नको, पारदर्शक. बारा बाटल्या."

औषधवाल्याने चष्मा वर केला. "सकाळी काका दहा घेऊन गेले ना? फरक नाही पडला?"

"ते माझ्यासाठी नव्हतं."

"अच्छा, काकांसाठी. किती दिवसांपासून पोटाचा त्रास आहे?"

"कुणालाही त्रास नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाण्याच्या सवयीचा होता, तो रस्त्यापर्यंत गेला. "हे सोडियमसाठी आहे!"

"सोडियम वाढलं की होतं असं," औषधवाला समजुतीने म्हणाला. "बारा एकदम नका देऊ पण. रात्री झोपताना दोन चमचे. आणि दुसऱ्या दिवशी बाहेरचं काही काम ठेवू नका."

मागून समोरच्या काकूंनी बाईंच्या दंडाला हात लावला. "अगं, बोलायचं ना मला. लाजायचं काय त्यात? रात्री मनुके भिजत घाल, पहाटे कोमट पाणी घे आणि जिना चढ-उतर. आमच्या ह्यांना तीन दिवसांत गुण आला."

सव्वीस वर्षं, दोन हजारांहून जास्त विद्यार्थी, एक आदर्श शिक्षक पुरस्कार (तालुका पातळी, पण पुरस्कार तो पुरस्कार), आणि बाई बारा बाटल्या पिशवीत घालून भर रस्त्याने चालल्या तेव्हा प्रत्येक ओळखीचा चेहरा सहानुभूतीने भरलेला होता. जिन्यापाशी सेक्रेटरी भेटले आणि त्यांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं. त्यांनी आयुष्यात कुणासाठी लिफ्ट धरलेली नव्हती.

वाळू राहिली होती. गुरुवारी सकाळी मामांनी समोरच्या बांधकामावरून पोतंभर वाळू मागून आणली. ती ओली होती. बाईंनी शाळेच्या गच्चीवर वर्तमानपत्रं अंथरून वाळू वाळत घातली आणि पहिला तासभर स्वतः राखण केली, कारण मांजरांचं वाळूबद्दलचं मत जगजाहीर आहे. पुढची राखण मामांनी केली. त्यांना अजूनही कळलं नव्हतं की पाणी का नाही, पण बाई इतकं म्हणतायत तर असेल काहीतरी, इथवर ते आले होते. दुपारी वाळू खडखडीत वाळली.

चार वाजता प्रयोगशाळा सज्ज झाली. नवी जाड काचेची बरणी ओव्हनमध्ये तापवून, कोरडी करून, गार झालेली. तिच्यात बारा बाटल्यांचं स्वच्छ तेल. कोरडा चिमटा, टिपकागद, बाईंच्या डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा आणि हातांत मोजे. कपाटापाशी मामा, कोरड्या वाळूची बादली घेऊन. दारात हेडसर उभे, एक पाय आत आणि एक बाहेर. त्यांच्यामागे यजमान. त्यांना बोलावलं नव्हतं, पण "काही उचलायला लागलं तर" म्हणून आले होते.

पहिला खडा चिमट्यात आला. टिपकागदावर टेकवला, उचलला, नव्या तेलात सोडला. टप् असा आवाज झाला आणि खडा तळाशी जाऊन शांत बसला. दुसरा. तिसरा. हेडसरांचा दुसरा पायही आत आला.

पाचव्या खड्याची एक कड ठिसूळ झाली होती. चिमट्याच्या दाबाने हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा निसटला, टेबलावरून घरंगळला आणि खाली पडला. एरवी काही झालं नसतं. पण साहेब येणार म्हणून मामांनी दुपारी फरशी पुसली होती, आणि टेबलाखालचा कोपरा अजून ओला होता.

फुस्स!

तुकडा जिवंत झाला. फरशीवर तो गरगर फिरला, सापासारखा फुत्कारत कपाटाच्या दिशेने धावला, ओल संपली तिथे अडकला आणि त्याच्यातून पिवळी ज्योत उठली.

"पाणी!" हेडसर किंचाळले.

"पाणी नको!" बाई ओरडल्या. त्यांच्या हातात चिमटा, चिमट्यात उरलेला खडा, आणि तो ठेवल्याशिवाय त्यांना हलता येत नव्हतं.

यजमान पुढे झाले होते. त्यांच्या हाताशी, खिडकीत, कुणीतरी ठेवलेला पाण्याचा तांब्या होता. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. एक क्षणभर पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, वळले आणि म्हणाले, "मामा, वाळू!"

मामांनी बादली उचलून अशी रिकामी केली की ज्योत, फरशीचा तो कोपरा आणि हेडसरांचा डावा बूट एकदमच गायब झाले.

वाळूतून धुराची एक रेघ वर गेली आणि विरली.

बाईंनी खडा बरणीत सोडला. टप्. मग उरलेले तीन सोडले, घट्ट झाकण लावलं, आणि मगच स्टुलावर बसल्या. नोंदवही ओढून वापराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'तेल बारा बाटल्या, वाळू एक बादली.'

"बरोबर केलं ना मी?" यजमानांनी हळू आवाजात विचारलं.

"अगदी बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. कालची सगळी गप्पगप्प दुपार त्या माणसाच्या चेहऱ्यावरून उतरली.

हेडसर वाळूत उभेच होते. बाई आता पडद्याची वाट बघत होत्या. गुरुवारची संध्याकाळ होती आणि बरणी नीट होती, पण आगही लागली होती. हे दोन्ही खरंच होतं.

"मॅडम," हेडसर अखेर म्हणाले, "पळाला तो."

"कोण सर?"

"धातू. धातू पळाला. मी अठ्ठावीस वर्षं धातू शिकवतोय, कर, जा, ये, बस. एकही असा पळाला नाही." ते खाली वाकले, वाळूजवळ नाक नेलं, परत सरळ झाले. "हा वास पडद्यावर येईल का हो?"

"नाही सर."

"नाहीच येणार," हेडसर म्हणाले, आणि बूट शोधायला लागले.

शुक्रवारी अधिकारी आले. उंच, वाळके, हातात यादी. प्रत्येक खोलीत त्यांनी यादीकडे जास्त पाहिलं आणि खोलीकडे कमी. प्रयोगशाळेत त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटापाशी थांबून पेन उचललं. नवी बरणी, नवं झाकण, बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी, 'सोडियम. पाण्यापासून दूर.' खाली कोरडी वाळू.

"यात काय आहे?"

बाई तोंड उघडणार, तोच हेडसर पुढे सरसावले.

"हा धातू, साहेब. अतिशय भावनाप्रधान. याला पाणी सहन होत नाही. म्हणून आम्ही याला रॉकेलात न ठेवता द्रव पॅराफिनमध्ये ठेवतो. ते उडून जात नाही. वरून पाहिलंत तर खडे संपूर्ण बुडालेले दिसतील. एकही डोकं बाहेर नाही. बाहेर आलं, की हा पळतो."

"पळतो?" अधिकाऱ्यांनी यादीतून डोकं वर काढलं.

"कर्तरी प्रयोग, साहेब! स्वतः पळतो."

बाईंना 'भावनाप्रधान' हा शब्द दुरुस्त करावासा वाटला. पण सव्वीस वर्षांत त्यांना सोडियमचं इतकं बरोबर वर्णन सापडलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.

अधिकारी बरणीकडे बघत राहिले. मग, यादीतल्या कुठल्याही रकान्यात न बसणाऱ्या आवाजात म्हणाले, "आमच्या शाळेत हे फळ्यावर लिहून द्यायचे. परीक्षेत दोन मार्क मिळाले होते मला. प्रत्यक्ष बघितलं मात्र कधी नाही."

"सोमवारी नववीला हाच प्रयोग आहे," हेडसर म्हणाले. असा प्रयोग सोमवारी आहे हे बाईंना तेव्हाच कळलं. "साडेदहाला. मॅडम मुगाच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यात सोडणार, आम्ही सगळे चष्मे लावून लांब उभे राहणार."

"सोमवारी मला दुसऱ्या शाळेची तपासणी आहे," अधिकारी म्हणाले. त्यांनी प्रयोगशाळेसमोर 'चालू' अशी खूण केली, सही केली, पेनाला टोपण लावलं आणि दारापर्यंत गेले. दारात थांबले.

"साडेदहा म्हणजे अगदी साडेदहालाच सुरू होतं ना हो?"